पहिलं खेळणं विणताय? मग भुईमुगाची शेंग विणा

पहिलं खेळणं विणायला घेताय ना, मग भुईमुगाची शेंग घ्या. अस्वल नको, बाहुली नको, आणि मोबाइलवर दिसतात ते गुलाबी डोनट तर मुळीच नकोत. अस्वलाचे दोन्ही कान सारखे यावे लागतात. बाहुलीचा चेहरा बिघडला की पोरं जवळ घेत नाहीत. शेंगेचं तसं नाही. सोलापूरच्या लक्ष्मी मंडईतून पाव किलो शेंगा आणा, ताटात ओता आणि त्यात दोन एकसारख्या सापडतात का बघा. एक कमरेत बारीक, एक पोटाला फुगलेली, एक शेंड्याकडं वाकडी. नवशिक्याच्या हातून टाके कुठं घट्ट, कुठं सैल पडतातच. त्या सगळ्या चुका या आकारात जिरून जातात.

माझं स्वतःचं पहिलं खेळणं मात्र भाकरी होती. भावाचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा, दिवसभर हॉटेल-हॉटेल खेळायचा. एक दिवस म्हणाला, "आत्या, मला न खायचं खायचं पाहिजे." म्हणजे खोटं जेवण. सोलापूरचं हॉटेल म्हटल्यावर कडक भाकरी हवीच, म्हणून मी पांढऱ्या लोकरीची गोल भाकरी विणली, मध्ये तपकिरी डागही भरले. दोन दिवस त्यानं ती गिऱ्हाइकांना वाढली. तिसऱ्या दिवशी वहिनी त्याच भाकरीनं चहाचं पातेलं उतरवत होती. चपट्या वस्तूचं हे असंच होतं, तिचं लगेच फडकं होतं. मग शेंगाचटणी कांडायला बसले असताना हातातल्या शेंगेकडं लक्ष गेलं. फुगीर आहे, पोकळ आहे, फोडता येते आणि आत दोन दाणे निघतात. पोराला आणखी काय हवं?

आपण विणणार आहोत ती शेंग साधारण १४ सेंटिमीटर लांब होईल. टरफल आतून पोकळ, त्याला एका बाजूला चीर, आणि चिरेतून आत-बाहेर करता येतील असे दोन लालसर दाणे. दाण्यांना डोळे-तोंड. सुया दोनच लागतात, गोल विणायचं नाही. रोज तासभर बसलात तर टरफलाला तीन-चार संध्याकाळी आणि प्रत्येक दाण्याला एक, असा आठवडा धरून चाला.

सामान

सोलापुरात सुताला तोटा नाही. १८७७ मध्ये इथं कापड गिरणी सुरू झाली, तिला लोक अजून जुनी मिल म्हणतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि पूर्व भागातल्या गल्ल्यांतून यंत्रमागांची खडखड अजून ऐकू येते. लोकर मात्र शोधावी लागते. इथली थंडी ती केवढी! संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत स्वेटर घातला की महिन्याभरात तो परत कपाटात. तरी नवी पेठेत आणि मधल्या मारुतीजवळ शिलाईचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत चौकशी केलीत तर लोकर मिळते. बहुतेक ॲक्रिलिकच मिळेल आणि खेळण्याला तीच बरी. स्वस्त असते, धुतली तरी आटत नाही, रंगही भरपूर असतात.

दुकानदार "ताई, जाड देऊ का बारीक?" असं विचारेल. मध्यम सांगा. लेबलवर ४ मिलिमीटरची सुई सुचवलेली असेल ती लोकर बरोबर. पण सुई मात्र तिच्यापेक्षा बारीक घ्यायची, ३.२५ मिलिमीटरची. स्वेटर मऊ पडावा लागतो. खेळण्याची वीण घट्ट हवी, नाहीतर भोकांतून आतला कापूस डोकावतो. आपल्याकडच्या सुयांवर पुष्कळदा मिलिमीटरऐवजी नंबर असतो आणि तो उलटा चालतो. नंबर वाढला की सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५. आपल्याला १० नंबरची जोडी हवी. पहिल्यांदा गेले तेव्हा "मोठा नंबर म्हणजे जाड असेल" असं समजून मी १२ नंबर घेऊन आले होते आणि दोन दिवस दात-ओठ खात विणत बसले.

रंग तीन. टरफलाला भाजलेल्या शेंगेचा फिकट बदामी, २५ ग्रॅम. दाण्यांना विटकरी-गुलाबी, तेवढाच. रेघांना आणि देठाला गडद तपकिरी, अगदी थोडा. डोळ्यांना काळा दोरा घरात असतोच. दाण्याची लोकर गरजेपेक्षा जास्त घ्या, का ते पुढं येईलच. शिवाय मोठ्या नेढ्याची बोथट सुई लागेल. गोण्या शिवायचं दाभण चालणार नाही, त्याचं टोक लोकरीचे पदर फाडतं. कात्री, आणि सुटलेला टाका उचलायला क्रोशेची एक सुई.

टॉवेलच्या सुताची शेंग होते का, असं शेजारच्या अक्कांनी विचारलं होतं. त्यांच्या घरी माग आहे, कोनावरचं उरलेलं सूत पिशव्या भरून पडलेलं असतं. होते. २० नंबरच्या दोनपदरी सुताचे सात-आठ धागे एकत्र धरले की मध्यम लोकरीएवढी जाडी येते. मी करून बघितली. दिसायला सुंदर, हाताला गार. पण सुताला ताण नसतो, लोकरीसारखं ते सैल-घट्ट सांभाळून घेत नाही, आणि आठातला एक धागा सुईच्या टोकाशी हमखास मागं राहतो. दुसरी शेंग सुताची करा, पहिली नको.

भरायला उशीत घालतात तो पांढरा फायबर घ्या. गादीवाल्याकडचा कापूस चालतो, पण धुतल्यावर त्याचे गोळे होतात. आणि धान्य घालू नका. दाण्याला हातात जरा वजन यावं म्हणून मी एकदा मूठभर ज्वारी आत घातली होती. खुळखुळ छान व्हायची. श्रावणात एका दाण्याच्या डोळ्याशेजारून टोका बाहेर आला आणि निवांतपणे उशीवर चालू लागला. पोरगं खूश होतं, वहिनी नव्हती.

हात बसवायचा

ज्यांनी सुया कधीच धरल्या नाहीत त्यांनी शेंगेला हात लावण्याआधी दोन संध्याकाळी नुसता चौकोन विणावा. वीस टाके, वीस ओळी, मग उसवून टाका.

टाके घालायची सोपी रीत: एका सुईवर सरकगाठ घ्या. हा पहिला टाका. गुंड्याकडचा धागा डाव्या अंगठ्याभोवती वेढा, सुई त्या वेढ्यात खालून वर घाला, अंगठा काढा आणि धागा हलका ओढा. दुसरा टाका झाला. हलकाच ओढायचा. नवशिका माणूस इथं जीव खाऊन ओढतो आणि पहिल्याच ओळीत सुई आत शिरेनाशी होते.

सुलट टाका: धागा कामाच्या मागं. उजवी सुई डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात समोरून मागं घाला, तिच्या टोकावर धागा गुंडाळा, ती गुंडाळी टाक्यातून पुढं ओढून घ्या आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. उलट टाका: धागा आधी पुढं घ्या. उजवी सुई टाक्यात उजवीकडून डावीकडं, समोरच्या अंगानं घाला, धागा गुंडाळा, गुंडाळी मागं ढकला, जुना टाका सोडा. एवढंच आहे. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणत गेलात की समोरच्या बाजूला एकाखाली एक चिमटे दिसतात, शेवया वळल्यासारखे. मागच्या बाजूला आडवे दाणे-दाणे उठतात. कुठली ओळ चालू आहे हे विसरलात तर सुईखाली बघा. तुमच्याकडं चिमटे असतील तर सुलट विणा, दाणे असतील तर उलट.

वाढ करायची म्हणजे एकाच टाक्यात दोनदा विणायचं. आधी नेहमीसारखा सुलट टाका पुढून विणा, पण डाव्या सुईवरून सोडू नका. तीच सुई त्याच टाक्याच्या मागच्या अंगात घालून पुन्हा विणा, मग सोडा. एकाचे दोन झाले. घट करायची म्हणजे दोन टाके जोडीनं सुईवर घेऊन एकच सुलट टाका विणायचा.

वाढ केलेल्या जागी चिमट्यांच्या बाजूला छोटीशी आडवी गाठ दिसते. तिची काळजी करू नका, कारण आपल्या शेंगेची ती बाजू आत जाणार आहे. या शेंगेत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. टरफल साध्या सुलट-उलट विणीचंच, फक्त शिवताना उलट बाजू बाहेर काढायची. ते उठलेले दाणे म्हणजे टरफलाचा खरखरीतपणा आयता मिळतो. अवघड नक्षी नाही, काही नाही. आणि शेंगेच्या आतले दाणे सुलट बाजू बाहेर ठेवून शिवायचे, म्हणजे ते गुळगुळीत दिसतात.

उन्हाळ्यात विणत असाल तर सकाळी बसा. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशी ओलांडतो, तळहाताला घाम येतो आणि ॲक्रिलिक लोकर सुईवर करकरत सरकते. जवळ टाल्कम पावडर ठेवायची माझ्या आईची सवय होती, मीही ठेवते. गुंडा गडूत टाकून बसलात तर तो पंख्याखाली लोळत कॉटखाली जात नाही.

टरफल

बदामी लोकर. धाग्याची शेपूट वीतभर लांब सोडून १० टाके घाला. खाली प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा आणि ओळ झाली की कागदावर काडी मारा.

ओळ १: सगळे उलट.
ओळ २: प्रत्येक टाक्यात वाढ. २० टाके.
ओळ ३: उलट.
ओळ ४: १ सुलट, पुढच्यात वाढ, असं शेवटपर्यंत. ३० टाके.
ओळ ५: उलट.
ओळ ६: २ सुलट, पुढच्यात वाढ; शेवटपर्यंत. ४० टाके.
ओळ ७: उलट.
ओळ ८ ते २१: एक सुलट, एक उलट, अशा १४ ओळी. हे पहिलं पोट.
ओळ २२: २ सुलट, २ जोडीनं, शेवटपर्यंत. ३० टाके.
ओळ २३ ते २५: उलट, सुलट, उलट. ही कंबर.
ओळ २६: २ सुलट, पुढच्यात वाढ, शेवटपर्यंत. पुन्हा ४० टाके.
ओळ २७: उलट.
ओळ २८ ते ४१: सुलट-उलटच्या १४ ओळी. दुसरं पोट.
ओळ ४२: २ सुलट, २ जोडीनं, शेवटपर्यंत. ३० टाके.
ओळ ४३: उलट.
ओळ ४४: १ सुलट, २ जोडीनं; शेवटपर्यंत. २० टाके.
ओळ ४५: उलट.
ओळ ४६: सगळे जोडीनं. १० टाके.

आता धागा दीड वीत ठेवून कापा, बोथट सुईत ओवा, सुईवरचे दहाही टाके त्यातून ओवून घ्या आणि ओढा. तोंड बटव्यासारखं आवळून येईल. दोन वेढे घेऊन पक्कं करा. सुरुवातीच्या कडेलाही सोडलेली शेपूट ओवून तसंच आवळा.

सपाट पडलेला हा तुकडा बघून पहिल्यांदा निराशा येते. कडा गुंडाळल्या जातात, मधल्या कमरेशी तो वेडावाकडा दिसतो, शेंग कुठंच दिसत नाही. तरी उसवू नका. शिवेपर्यंत शेंग शेंग दिसत नाही.

शिवायच्या आधी, तुकडा सपाट असतानाच रेघा भरायच्या, कारण नंतर आत हात जात नाही. इथं एक खरी शेंग समोर ठेवा. टरफलावर लांबीच्या दिशेनं उठावदार शिरा असतात आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक आडव्या जाळ्या. आपण फक्त उभ्या शिरा घ्यायच्या. गडद तपकिरी धाग्यानं, विणीच्या उठलेल्या दाण्यांच्या बाजूवर, साखळी टाक्यानं पाच ओळी. ४० टाक्यांच्या रुंदीत साधारण सात-सात टाके सोडून. सरळ आल्या नाहीत तरी चालेल, कमरेशी एकमेकींजवळ सरकतीलच. साखळी मात्र सैल ठेवा. लोकरीची वीण ताणली जाते, साखळी ताणली जात नाही. घट्ट भरलीत तर पोर शेंग फोडायला ओढेल आणि धागाच कट्‌ करून तुटेल. आडव्या जाळीचा मोह मला झाला होता. ती शेंग दोरखंडात बांधलेल्या मुटकुळ्यासारखी दिसत होती.

मग सुलट बाजू आत, दाण्यांची बाजू बाहेर ठेवून दोन्ही उभ्या कडा जवळ आणा. दोन्ही टोकांकडून मध्याकडं दहा-दहा ओळी शिवा आणि मधला भाग मोकळा सोडा. सुमारे ८ सेंटिमीटरची चीर राहते. चिरेच्या दोन्ही टोकांना तीन-तीन टाके एकावर एक घालून मजबूत करा, कारण सगळा जोर तिथंच येतो. चिरेच्या कडा बाहेरच्या अंगाला वळतील, या विणीचा स्वभावच तो. मला त्या आवडतात, फोडलेल्या शेंगेच्या ओठासारख्या दिसतात. नको असतील तर काज्याचा टाका घालून बसवा. कमरेवर, चीर सोडून, आतून एक धावदोरा घालून किंचित आवळा म्हणजे दोन कप्पे वेगळे वाटतील. किंचितच, नाहीतर मधून मोडल्यासारखी होते.

एका टोकाला चोच काढायची. आवळलेल्या तोंडाशी बोटांनी चिमटा घेऊन, त्या चिमट्यात दोन-तीन टाके घातले की ती उभी राहते. दुसऱ्या टोकाला देठ. भुईमुगाचं फूल वर येतं, मग त्यातून आरी निघते, ती खाली वाकून मातीत घुसते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. शेतात वाढलेल्याला हे सांगायला नको, पण शहरातल्या मुलांना शेंग झाडाला लटकते असंच वाटत असतं. म्हणून तपकिरी लोकरीचे तीन पदर घेऊन चार बोटं लांब वेणी घाला आणि ती आरी म्हणून टोकाला शिवा. याहून लांब करू नका, लहान मुलाच्या गळ्याशी दोरी नको. आमच्या पोरानं त्या वेणीला धरून शेंग मातीतून उपटायचा खेळ काढला. माती म्हणजे सोलापुरी चादरीची घडी.

दाणे

एका दाण्याला १० टाके, विटकरी लोकर, सुई तीच.

ओळ १ उलट. ओळ २ मध्ये प्रत्येक टाक्यात वाढ, २० टाके. ओळ ३ उलट. ओळ ४: १ सुलट, पुढच्यात वाढ, शेवटपर्यंत, ३० टाके. मग ओळ ५ ते १५ बदल न करता, उलटनं सुरू करून उलटनंच संपवा. ओळ १६: १ सुलट, २ जोडीनं, २० टाके. ओळ १७ उलट. ओळ १८ सगळे जोडीनं, १० टाके. टरफलासारखंच धाग्यात ओवून आवळा.

चिमट्यांची बाजू बाहेर ठेवून कड शिवत या, अर्ध्यावर आलात की फायबर भरा. थोडा-थोडा, बोटभर तुकडे करून, कडेकडेनं. एकदम गोळा कोंबलात तर दाणा बटाट्यासारखा होतो आणि टोकं रिकामी राहतात. दाबल्यावर परत वर येईल इतपत भरा. उरलेली कड शिवा.

चेहरा शेवटी. काळा दोरा शिवणीतून आत घाला म्हणजे गाठ दिसणार नाही. मध्यावर, चार-पाच टाक्यांच्या अंतरानं दोन डोळे. डोळा म्हणजे गाठीचा टाका, सुईला दोन वेढे. तोंड म्हणजे खाली एकच वाकडा टाका. इथं हातचं राखूनच भरा. भुवया, गाल, दात असं वाढवत गेलं की दाणा रागावलेला दिसतो. माझ्या एका दाण्याचं तोंड चुकून एका बाजूला सरकलं, तो कायम चटणी तिखट लागल्यासारखा दिसतो. तोच पोराचा लाडका.

मणी आणि बटणं डोळ्यांना लावू नका. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात खेळणं जाणार असेल तर हा नियम मोडायचाच नाही. त्याच कारणानं दाणे खऱ्या मापाचे करायच्या नादालाही लागू नका, तोंडात मावणार नाहीत एवढे मोठेच हवेत. शिवून झाल्यावर प्रत्येक दोरा, वेणी, डोळा स्वतः हिसका देऊन बघा. पोर देणारच आहे, आधी तुम्ही द्या.

कुठं अडतं

टाके वाढत जातात ही सगळ्यांची पहिली तक्रार. १० चे २० व्हायला हवेत, होतात २१ किंवा २२. बहुतेक वेळा ओळीच्या सुरुवातीला घोळ झालेला असतो. धागा सुईवरून मागं टाकलेला असतो, त्यानं पहिला टाका वर ओढला जातो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात. ओळ सुरू करताना धागा सुईच्या खालून मागं न्या. मध्येच भोक पडून टाका वाढला असेल तर विणताना धागा चुकून सुईवरून गेलाय. तेवढी ओळ परत उसवा. एक-दोन टाक्यांचा फरक असेल आणि उसवायचा कंटाळा आला असेल तर पुढच्या ओळीत कुठंतरी दोन जोडीनं विणून हिशेब जुळवा. स्वेटरमध्ये मी असं सांगणार नाही. शेंगेत कुणाला कळतंय!

टाका सुटला की घाबरून सुई ओढायची नाही. सुटलेला टाका शिडीसारखा खाली उतरतो. चिमट्यांची बाजू समोर घ्या, क्रोशेची सुई त्या टाक्यात घाला, शिडीची एकेक पायरी पकडून टाक्यातून ओढत वर या आणि सुईवर ठेवा.

तिसरी अडचण विणकामाची नाही. ओळ मध्येच ठेवून उठायचं नाही. भाजी करपतेय, दारावर कुरिअरवाला आलाय, काही असो, ओळ पूर्ण करूनच उठा. अर्ध्या ओळीवरून उठलं की परत आल्यावर आपण कुठल्या दिशेनं चाललो होतो हे आठवत नाही आणि सहसा उलटंच विणलं जातं. उठावंच लागलं तर लक्षात ठेवा, गुंड्याकडचा धागा ज्या सुईला लोंबतोय ती उजव्या हातात धरायची.

धुणं आणि राखण

शेंग खेळण्यातली असली तरी सोलापूरच्या घरात ती कधी ना कधी चटणीच्या ताटात पडणारच. लाल तिखट आणि शेंगांचं तेल, दोन्हींचा डाग एकदम. लगेच गार पाण्याखाली धरा, भांड्यांचा साबण बोटानं चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, मग धुवा. गरम पाणी नको. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. दाणे बाहेर काढून वेगळे वाळवा, नाहीतर आतला फायबर ओलाच राहतो आणि वास येतो. आपल्याकडच्या उन्हात तासाभरात वरून कोरडे होतात, पण उन्हात दाण्यांचा विटकरी रंग उडतो. सावलीत, वाऱ्याला ठेवा. दिवसभर लागला तरी चालेल.

दाण्याची लोकर जास्त घ्या असं सुरुवातीला म्हटलं होतं, ते एवढ्यासाठी की दाणे हरवतात. टरफल कधीच हरवत नाही. आमचा एक दाणा रिक्षात राहिला. मी त्याच दुकानात गेले, त्याच कंपनीची, त्याच नंबरची लोकर मागितली, घरी येऊन शेजारी ठेवली तर नवी लोकर निम्म्यानं फिकी. लेबलवर रंगाच्या नंबराखेरीज लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचाही नंबर असतो, तो मी बघितलाच नव्हता. लॉट बदलला की रंगात फरक पडतोच. मग मी नवा दाणा मुद्दाम चार ओळी कमी विणला, फायबरही कमीच भरला आणि पोराला सांगितलं, हा पोचट निघाला. त्यानं तो हातात घेऊन उलटा-पालटा केला, टरफलात कोंबला आणि म्हणाला, "मग हा चटणीत घालायचा नाही, आत्या."